गुरुत्वाकर्षणाचा धडा ऑनलाइन कसा शिकावा: पुस्तक, सिम्युलेशन, फोन आणि एक कुलूप

माझी भाची दहावीत आहे. गाव परळी खोऱ्यात, रेंज कधी येते कधी जाते. शनिवारी ती साताऱ्याला माझ्याकडे आली की घरच्या वायफायवर आठवड्याचे व्हिडिओ उतरवून घ्यायची. व्हिडिओ चांगले होते, तिने ते मन लावून पाहिलेही होते. पण लंबकाचं वजन दुप्पट केलं तर काय होईल, असं विचारल्यावर ती गप्प झाली. तेव्हापासून आम्ही क्रम बदलला. तो इथे एकाच धड्यावर दाखवते, म्हणजे तुम्हाला तसाच करून बघता येईल. धडा दहावीचा पहिलाच, गुरुत्वाकर्षण.

आधी पुस्तक. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. धडा एकदा सलग वाचा आणि न कळलेले शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं, ते नंतर उजळणीला वापरा.

शब्द अडले की मराठी विश्वकोश उघडा. आपल्या जिल्ह्यातच, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली तो उभा राहिला आणि आज त्यातल्या नोंदी ऑनलाइन वाचता येतात. भाषा जड आहे. पहिल्या वाचनात निम्मं डोक्यावरून गेलं तरी थांबू नका, प्रयोग झाल्यावर तीच नोंद पुन्हा वाचा. दोलन (लंबकाचा एक पूर्ण झोका), आवर्तकाल (एका दोलनाला लागणारा वेळ), त्वरण (वेग बदलण्याचा दर) हे शब्द आपल्या भाषेत नीट रुजले की पुढे अकरावीत इंग्रजी पुस्तक हातात आलं तरी मूल बावरत नाही.

आता सिम्युलेशन. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा प्रकल्प २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. शोधताना इंग्रजीत पी, एच, ई, टी ही चार अक्षरं टाका. सगळं फुकट आहे आणि बऱ्याच सिम्युलेशनचं मराठी भाषांतरही आहे, ते भाषांतरांच्या यादीतून निवडा. रेंजची अडचण असणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: नव्या पद्धतीची सिम्युलेशन लॅपटॉपवर उतरवून ठेवता येतात. मग इंटरनेट नसलं तरी ब्राउझरमध्ये चालतात. शाळेच्या संगणकावर पेन ड्राइव्हने नेली तरी चालतील.

त्यातली लंबकाची प्रयोगशाळा उघडा. पण बटणाला हात लावण्याआधी वहीत अंदाज लिहायचा, तोही पेनने. वजन दुप्पट केलं तर आवर्तकाल वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? भाचीने लिहिलं, ‘कमी होईल, जड वस्तू जोरात जाते.’ वजन वाढवलं, आवर्तकाल तसूभरही बदलला नाही. ती पडद्याकडे बघतच राहिली. वजन वाढलं तर ओढ वाढते, पण तेवढ्याच प्रमाणात हलवायची वस्तूही जड होते, म्हणून वेग तोच राहतो. जड आणि हलका दगड एकदम सोडले तर एकदम पडतात, त्यामागेही हेच कारण आहे. हा चुकलेला अंदाज मला दहा बरोबर उत्तरांपेक्षा मोलाचा वाटतो. आधी लिहिलंच नसतं, तर ‘हो, मला माहीत होतं’ म्हणून ती पुढे गेली असती.

मग त्याच सिम्युलेशनमध्ये चंद्र निवडा. पृथ्वीवर एक मीटर लांबीच्या लंबकाला एका दोलनाला सुमारे २ सेकंद लागतात, चंद्रावर जवळजवळ ५. का, ते खाली दिलेल्या सूत्रात घालून बघा.

यानंतर खरा लंबक करायचा. ही पायरी गाळू नका, कारण सिम्युलेशनमधला लंबक कधीच चुकत नाही आणि शिकायचं असतं ते चुकीतून. लागतं काय? न ताणणारा दोरा, एक लहान जड कुलूप, दाराच्या चौकटीतला खिळा, मोजपट्टी आणि फोनचं स्टॉपवॉच. कुलूप फार लांब ओढू नका, दहा अंशांच्या आतच सोडा. एक दोलन मोजू नका. सलग २० मोजा आणि वेळेला २० ने भागा. बोट दाबताना होणारी चूक तेवढी वाटली जाते. मग ३९.४८ गुणिले मीटरमधली लांबी, भागिले आवर्तकालाचा वर्ग, की गुरुत्व त्वरण, म्हणजे जी, मिळतं. हे ३९.४८ म्हणजे चार गुणिले पायचा वर्ग.

आमचा दोरा बरोबर १०० सेंटिमीटर होता. २० दोलनांना ४०.७ सेकंद लागले आणि जी आला ९.५३. ‘मावशी, चुकलं गं. पुस्तकात ९.८ आहे.’ मी म्हटलं, उत्तर खोडू नकोस, चूक कुठे ते शोध. अर्ध्या तासाने तिलाच सापडलं. आम्ही लांबी गाठीपर्यंत मोजली होती, ती कुलपाच्या मध्यापर्यंत मोजायला हवी. मध्य अडीच सेंटिमीटर खाली होता. लांबी १०२.५ धरली, ९.७७ आलं. त्या दिवशी जेवताना ती घरातल्या सगळ्यांना हेच सांगत होती.

दुसरी पडताळणी फोनने. जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाने बनवलेलं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप फोनमधल्या संवेदकांनी मोजमाप करतं. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे: पहिल्या आवाजाला सुरू होतं, दुसऱ्याला थांबतं. एक जड नट दोऱ्याने फुग्याला बांधा, नट जमिनीपासून दीड मीटरवर येईल असा धरा, खाली स्टीलचं ताट पालथं ठेवा आणि टाचणीने फुगा फोडा. फट् आवाजाला वेळ सुरू, ताटाच्या आवाजाला बंद. उत्तर ०.५५ सेकंदाच्या आसपास यायला हवं. अंतराच्या दुपटीला वेळेच्या वर्गाने भागा, पुन्हा जी मिळेल. पंखा बंद ठेवा, नाहीतर त्याच्या घरघरीनेच स्टॉपवॉच सुरू होतं. फोन दोन्ही आवाजांपासून साधारण सारख्या अंतरावर, म्हणजे मध्ये स्टुलावर ठेवा.

व्हिडिओ आता बघा. एखादाच. मध्ये थांबवून पुढची ओळ स्वतः लिहायची, मग पुढे जायचं. त्यानंतर धड्याखालची उदाहरणं पुस्तक मिटून सोडवा.

रसायनाच्या धड्यांनाही हाच क्रम चालतो. सांगलीच्या बाजारपेठेची हळद आपल्या घराघरात आहे. तिच्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवा. साबणाच्या पाण्याने पट्टी लाल होते, लिंबाने पुन्हा पिवळी. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करत, त्यामागेही हाच आम्लारीचा खेळ. पट्ट्या झाल्या की फेटमधलं पीएचचं, म्हणजे पदार्थ किती आम्ल किंवा आम्लारी आहे ते मोजण्याचं, सिम्युलेशन उघडा.

अकरावी-बारावीच्या पुढच्यांसाठी आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएल या संकेतस्थळावर फुकट आहेत. ज्याला अवघड गणितांची ओढ आहे, त्याने मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावरून ऑलिंपियाड स्पर्धांच्या जुन्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात.

एका धड्याला आम्हाला दोन शनिवार लागतात. येत्या शनिवारी अजिंक्यताऱ्यावर जायचं ठरलंय. माझ्या फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा संवेदक आहे आणि साधारण नऊ मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) उतरतो. पायथ्यापासून दरवाजापर्यंत किती चढ आहे, याचा अंदाज भाचीने पेनने लिहून ठेवलाय.