वाळवंटातली मोहरीएवढी मधमाशी बघायचीय? मग असं करा

पर्डिटा नावाच्या इवल्याशा मधमाश्या बघायच्या असतील तर माशी शोधत फिरू नका, आधी फूल शोधा. उत्तर अमेरिकेत यांच्या ६०० हून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक परागासाठी ठरावीक झाडांकडेच जातात, बाकी कितीही फुललेलं असू दे, ढुंकूनही बघत नाहीत.

अॅरिझोनाच्या सोनोरन वाळवंटात जाणार असाल तर जमिनीला चिकटून पसरलेली युफोर्बिया नावाची वनस्पती बघा. तोडली की पांढरा चीक येतो, तो डोळ्यात जाऊ देऊ नका, फार झोंबतो. तिच्या अगदी बारीक फुलांवर पर्डिटा मिनिमा येते, लांबी २ मिमीपेक्षाही कमी, म्हणजे मोहरीचा दाणाच, आणि तेवढ्यात डोळे, मिश्या, चार पंख, पराग न्यायचे पाय सगळं आहे!

ट्रिप ठरवायच्या आधी पाऊस किती झालाय ते चेक करा, हे सगळ्यात महत्त्वाचं. तिथे पाऊस दोनदा येतो, हिवाळ्यात आणि मग जुलैपासून, त्यामुळे वसंतात किंवा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणं बेस्ट. पाऊसच झाला नाही तर काही जातींच्या अळ्या जमिनीखाली तशाच झोपून राहतात, कधी कधी वर्षाहून जास्त, आणि वर तुम्हाला काहीच दिसत नाही.

सकाळी ऊन चढायला लागलं की झाडाशेजारी चक्क खाली बसा, आपली सावली झाडावर पडणार नाही असं. माशी फिकट रंगाची, वाळूत मिसळून जाते, म्हणून तिची सावली बघा. वाळूवरून एक काळा ठिपका सरकताना दिसला की त्याच्या जरा वर नजर न्यायची, तिथे ती असते. दोन-तीन मिनिटं काहीच दिसत नाही, मग एकदा डोळा बसला की दिसतच राहतात.

आता ती साधी माशी तर नाही ना? भिंग १० पटीचं घ्या, नाहीतर मॅक्रो फोटो काढून झूम करा. साध्या माशीच्या मिश्या अगदी आखूड आणि पंखांची एकच जोडी, मधमाशीच्या मिश्या लांब, पंखांच्या दोन जोड्या. फोटोत झाडाची पानंपण येऊ द्या, जात ओळखायला त्याचा खूप उपयोग होतो. पकडून न्यायच्या भानगडीत पडू नका, नॅशनल पार्कात तर परमिटशिवाय चालतच नाही.

आणि पाय जपून टाका प्लीज. यांचं पोळं नसतं, राणी नसते, प्रत्येक मादी आपापल्या अंड्यांसाठी जमिनीत बीळ करते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते. उघडी मोकळी वाळू दिसली म्हणून गाडी घालू नका. तिथेच राहणारं कुणी वाचत असेल तर अंगणातला थोडा भाग तरी खडी न टाकता उघडा ठेवा, बांबूच्या नळ्यांचं 'बी हॉटेल', म्हणजे मधमाश्यांसाठी बनवलेलं घर, यांच्या काही कामाचं नाही.