टॉकिंग बुक लायब्ररीत काम करायचंय? माझा अनुभव सांगते

अमेरिकेत एमएलआयएस (ग्रंथालयशास्त्रातली मास्टर्स) करणाऱ्या आपल्या मुलामुलींचे मला अधूनमधून मेसेज येतात, विद्यापीठाच्या लायब्ररीत जागा निघत नाहीयेत, आता काय करू. मी प्रत्येकाला सांगते की तुमच्या राज्याची टॉकिंग बुक लायब्ररी शोधा, म्हणजे ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही त्यांना ऐकायची पुस्तकं पाठवणारी लायब्ररी. अशी काही लायब्ररी असते हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, पुण्यात बी.लिब. करून मी इकडे आले तेव्हा मलाही नव्हतं.

१९३१ साली इथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, प्रॅट-स्मूट कायदा केला आणि अंध प्रौढांना फुकट पुस्तकं मिळायला लागली. १९५२ मध्ये मुलांची सोय झाली आणि १९६६ मध्ये शारीरिक अपंगत्वामुळे ज्यांना पुस्तक हातात धरता येत नाही, पान उलटता येत नाही अशांचीही. हे सगळं लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला एनएलएस (नॅशनल लायब्ररी सर्व्हिस) हा विभाग चालवतो, पण वाचकाशी रोजचा संबंध येतो तो राज्यातल्या लायब्ररीचा. पुस्तकं पोस्टाने जातात आणि पोस्टानेच परत येतात, तिकीट लावावं लागत नाही. डब्यात एक कार्ट्रिज असतं, ते मशीनमध्ये घातलं की पुस्तक ऐकू येतं, त्यावर ब्रेलमध्ये नाव आणि ओढून काढायला बोट जाईल एवढं भोक. डब्यावरचं पत्त्याचं कार्ड उलटं करून घातलं की झाला परतीचा पत्ता, ज्यांनी हे डिझाइन केलं त्यांना माझा मनापासून नमस्कार.

मी रीडर ॲडव्हायझर म्हणून लागले, म्हणजे फोनवर वाचकाशी बोलायचं, आवडनिवड समजून घ्यायची, पुस्तकं निवडून पाठवायची. दुसऱ्याच आठवड्यात एका आजोबांचा फोन आला, मशीन सुरू होत नाही म्हणाले आणि मी पटकन बोलून गेले, "हिरवं बटण दाबा." पलीकडे शांतता, मग ते हळूच म्हणाले की बाई मला हिरवं दिसत नाही. मला इतकं वाईट वाटलं की पुढचं काय बोलले ते आठवतही नाही. आमच्या सीनियर बाईंनी त्या संध्याकाळी माझ्या मांडीवर मशीन ठेवलं, डोळे मिटायला लावले आणि म्हणाल्या आता मला सांग. तुमच्या बाजूच्या कडेला मधोमध मोठं चौकोनी बटण, त्याच्या दोन्हीकडे बाणाच्या आकाराची दोन... तेव्हापासून टेबलावर एक मशीन कायम असतं आणि असा फोन आला की मी डोळे मिटूनच बोलते. नवीन लागलात की पहिल्या दिवशी हे करा, बाकीचं ट्रेनिंग नंतर.

आता पुरस्कारांबद्दल, कारण उत्तम काम कशाला म्हणतात हे मला तिथेच कळलं. एनएलएस आपल्या नेटवर्कमधल्या लायब्रऱ्यांना 'नेटवर्क लायब्ररी ऑफ द इयर' देते, रक्कम १,००० डॉलर, म्हणजे पैशासाठी कोणी अर्ज करत नाही. निवड समितीत लायब्रेरियन असतात तसे अंध वाचकांच्या संघटनांचे प्रतिनिधीही असतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ते बघतात काय तर मूळ उद्देशाला धरून काम, सेवा देण्यातली कल्पकता आणि वाचकांचं समाधान. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनमध्येही या क्षेत्रातल्या कामासाठी फ्रान्सिस जोसेफ कॅम्पबेल यांच्या नावाचा सन्मान दिला गेलाय, हे टेनेसीत जन्मलेले कॅम्पबेल स्वतः अंध होते आणि १८७२ साली त्यांनी आर्मिटेज यांच्यासोबत लंडनला अंधांसाठी संगीताचं कॉलेज काढलं.

एनएलएसच्या पुरस्कारासाठी आम्ही केलेल्या अर्जातला वाचकांच्या समाधानाचा भाग लिहायला माझ्याकडे आला होता. मी वर्षभरात किती पुस्तकं गेली, किती फोन आले, किती नवे वाचक आले असे मस्त तक्ते केले. बाईंनी कागद परत दिला, म्हणाल्या यात वाचक कुठाय? मग फोनच्या जुन्या नोंदी काढून बसले, कोण काय म्हणालं, कोणाची तक्रार किती दिवसांत मिटली, कोणाची नाहीच मिटली आणि का. पुरस्कार आम्हाला मिळाला नाही, पण न मिटलेल्या तक्रारींची ती यादी भिंतीवर लागली आणि एकेक करत मिटवली, माझ्या मते त्या वर्षीचं ते सगळ्यात चांगलं काम.

आत शिरायचा सोपा मार्ग म्हणजे आधी व्हॉलंटियर व्हा. ज्या लायब्ररीत स्वतःचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे तिथे वाचणारे लागतात आणि चुका पकडायला ऐकणारेही लागतात, मशीन दुरुस्तीला हात लागतात. टेलिफोन कंपन्यांमधून रिटायर झालेली मंडळी वर्षानुवर्षं ही मशीनं दुरुस्त करत आली आहेत, त्यांच्याजवळ बसलात तर खूप शिकाल. ब्रेल येत नसेल तरी अडत नाही, निदान लेबल वाचण्याइतकं शिकून घ्या.

आणि रेझ्युमेत मराठी येतं हे जरूर लिहा. मुलाकडे ग्रीन कार्डवर राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आमच्या वाचक आहेत, पार्किन्सनमुळे हात थरथरतो, पुस्तक धरवत नाही. मुलगा म्हणत होता आईला तर दिसतं, मग हा फॉर्म कसा भरायचा. डॉक्टरांची सही आणली, इंग्रजी पुस्तकं सुरू झाली, पण काकूंना हवं मराठी. वाचू न शकणाऱ्यांसाठीची पुस्तकं देशादेशांत देता-घेता यावीत म्हणून झालेला मराकेश करार भारताने सगळ्या देशांच्या आधी, जून २०१४ मध्येच मंजूर केला, अमेरिकेत तो २०१९ पासून लागू आहे, म्हणजे अशी पुस्तकं आता सीमेपलीकडून मागवायला कायद्याची आडकाठी नाही. त्यांची मागणी मी नोंदवून ठेवलीय आणि दर सोमवारी काय झालं ते बघते. मधल्या काळात फोनवर आम्ही दोघी मराठीतच बोलतो.