संशोधनाची मोजदाद करताना या चुका टाळा

पदोन्नतीचे प्रस्ताव तयार होऊ लागले की ठाणे-नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत प्राध्यापकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘मॅडम, तुमचा एच-इंडेक्स किती?’ एखाद्याच्या किती शोधनिबंधांना किमान तितकीच उद्धरणे, म्हणजे इतर लेखनात आलेले संदर्भ, मिळाली हे एच-इंडेक्स सांगतो. हा आकडा कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला, हे सोबत लिहिले नसेल तर उत्तराला फारसा अर्थ उरत नाही. गूगल स्कॉलर हे शोधयंत्र प्रबंध, पुस्तके आणि संकेतस्थळांवर ठेवलेले निबंध यांतलीही उद्धरणे धरते, तर स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे उद्धरण-संग्रह मुख्यतः स्वतः निवडलेल्या नियतकालिकांपुरतेच पाहतात. त्यामुळे एकाच व्यक्तीचे आकडे तिन्हीकडे वेगळे येतात आणि त्यात कोणाची लबाडी नसते. गोंधळ होतो तो निबंधांची संख्या एका ठिकाणची आणि उद्धरणे दुसऱ्या ठिकाणची एकाच तक्त्यात भरली की.

खरी डोकेदुखी मात्र नावांची आहे. पाटील, जाधव, शिंदे ही आडनावे आणि पुढे एकच आद्याक्षर, एवढ्यावर यंत्राला माणूस ओळखता येत नाही. गूगल स्कॉलरवर नवे निबंध आपोआप जोडण्याची मुभा दिलेली असेल, तर रसायनशास्त्राच्या एस. पाटील यांच्या खात्यात भलत्याच एस. पाटलांचे हृदयरोगावरचे निबंध बिनदिक्कत येऊन बसतात. ही मुभा काढून, प्रत्येक नोंद आधी ई-मेलने विचारली जाईल असा पर्याय निवडावा आणि एकाच निबंधाच्या दोन नोंदी दिसल्यास त्या निवडून एकत्र कराव्यात. उलट प्रकारही तितकाच आढळतो. आपल्याकडे विवाहानंतर अनेक स्त्रियांचे आडनावच नव्हे तर मधले नावही बदलते, आणि अशा संशोधिकेची स्कोपसमध्ये दोन खाती तयार होऊन उद्धरणे विभागली जातात. ऑर्किड या संशोधकांच्या ओळख-नोंदणीचा सोळा अंकी क्रमांक घेऊन त्यात पूर्वीचे नाव नोंदवावे आणि स्कोपसकडे दोन्ही खाती एकत्र करण्याची विनंती पाठवावी. संस्थेच्या नावाबाबतही हेच. डी. वाय. पाटील या नावाची अभिमत विद्यापीठे नेरूळला, पिंपरीला आणि कोल्हापूरलाही आहेत आणि ती स्वतंत्र आहेत. निबंधावर शहर न लिहिल्यास नेरूळचे काम पिंपरीच्या खात्यात जमा होऊ शकते.

एच-इंडेक्स ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये मांडली. समजा, एखाद्याच्या पाच निबंधांना अनुक्रमे 40, 12, 9, 4 आणि 3 उद्धरणे आहेत. किमान चार उद्धरणे मिळालेले निबंध चार आहेत, म्हणून निर्देशांक 4. पहिल्या निबंधाची उद्धरणे 40 ऐवजी 400 झाली तरी तो 4 च राहतो. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतो, कधी घटत नाही आणि विषय ओलांडून त्याची तुलना करता येत नाही: खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातील संशोधकाचा आणि एखाद्या गणिताच्या प्राध्यापकाचा निर्देशांक शेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टर हा तर व्यक्तीचा आकडाच नव्हे. आधीच्या दोन वर्षांत नियतकालिकाने छापलेल्या निबंधांना चालू वर्षी सरासरी किती उद्धरणे मिळाली, एवढेच तो सांगतो, आणि ती सरासरीही बहुधा मोजक्या गाजलेल्या निबंधांनी वर खेचलेली असते. पैसे घेऊन मनचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ छापणारी नियतकालिके वेगळीच. त्यांचा आकडा इम्पॅक्ट फॅक्टरच्या अधिकृत यादीत, म्हणजे जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये, न सापडल्यास सोडून द्यावा.

सहलेखनाच्या मोजणीत आणखी एक सापळा आहे. 2015 मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन मोठ्या संशोधक-गटांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या निबंधावर 5,154 लेखक होते; अशा एका निबंधाने कोणाचेही ‘सहकार्याचे जाळे’ फुगते. व्हीओएसव्ह्यूअर या संगणक-प्रणालीत अशा सहकार्याचा नकाशा काढताना फार लेखक असलेले निबंध वगळता येतात, तसेच प्रत्येक निबंधाचे वजन लेखकांत वाटून देणारी मोजणी निवडता येते. हे दोन्ही पर्याय न पाहता काढलेला नकाशा दिसायला देखणा असतो, इतकेच. नावांच्या पर्यायी रूपांची यादी आधी जोडली नाही, तर त्यात एकच प्राध्यापिका दोन ठिपके होऊन दिसेल आणि कदाचित स्वतःशीच सहकार्य करणारीही! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत निबंधाला ठरलेल्या गुणांपैकी दोन लेखक असल्यास प्रत्येकाला 70 टक्के गुण, आणि त्याहून अधिक असल्यास प्रमुख लेखकाला 70 व इतरांना प्रत्येकी 30 टक्के गुण आहेत. ही वाटणी प्रशासकीय सोयीची आहे. तिच्यावरून कोणी किती काम केले, हे ठरवू नये.

मराठी किंवा इतिहास विभागाच्या प्राध्यापकांसमोर स्कोपसची अट ठेवणे ही तर मोजमापाची उघड चूक आहे. मराठी नियतकालिकांतील लेखन आणि मराठी ग्रंथ तेथे क्वचितच नोंदले जातात. त्यांच्या प्रस्तावासोबत ग्रंथसूची, ग्रंथांची परीक्षणे आणि इतरांच्या प्रबंधांतील संदर्भांच्या छायाप्रती पानक्रमांकासह जोडाव्यात, आणि स्कोपसच्या रकान्यात शून्याऐवजी ‘लागू नाही’ असे लिहावे.