वाढत्या महागाईत पोटगी न्याय्य कशी ठेवावी

पोटगीचा आकडा एकदा ठरला की तसाच राहतो. घरभाडे, शाळेची फी आणि औषधांचा खर्च मात्र वाढत जातो. भाव दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढत गेले, तर आज महिना 20,000 रुपयांत भागणाऱ्या गरजांना चार वर्षांनी सुमारे 25,250 रुपये लागतील. म्हणून वाढीची तरतूद पोटगी ठरतानाच करून घ्यावी.

परस्परसंमतीने घटस्फोट होत असेल, तर संमतीच्या अटींत ‘वेळोवेळी योग्य ती वाढ’ असे मोघम शब्द येऊ देऊ नयेत. वाढ किती टक्के, कोणत्या तारखेपासून आणि मूळ रकमेवर की आदल्या वर्षीच्या रकमेवर, हे तिन्ही स्पष्ट लिहावे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये एका प्रकरणात दरमहा 50,000 रुपयांची कायमची पोटगी ठरवताना दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढही घालून दिली. हा दाखला उपयोगी आहे. तरी त्याच दराने 20,000 रुपयांचे चार वर्षांनी 22,050 रुपयेच होतात, हे सही करण्यापूर्वी दोघांनी पाहावे. पुण्यात अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की बहुधा भाडे वाढतेच, त्यामुळे वार्षिक वाढ मला अधिक रास्त वाटते. ‘यापुढे वाढ मागणार नाही’ असे वाक्य मसुद्यात असल्यास वकिलांशी बोलल्याशिवाय ते मान्य करू नये.

अशी अट नसेल, तर परिस्थिती बदलल्याच्या आधारावर न्यायालयाकडे वाढ मागता येते. हिंदू विवाह कायद्याखालील कायमच्या पोटगीसाठी कलम 25(2) आहे, तर पोटगीची रक्कम बदलण्याबाबतच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 127 ची जागा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 ने घेतली आहे. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाचा आदेश असेल, तर अर्ज शिवाजीनगरला तिथेच करावा.

अर्जाचे बळ कागदांत असते. आदेशाच्या वेळचा आणि आजचा खर्च शेजारी-शेजारी मांडून प्रत्येक ओळीपुढे जुना-नवा भाडेकरार, फीच्या पावत्या, विजेची बिले आणि औषधांची बिले जोडावीत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात स्वतःचे उत्पन्न अजिबात लपवू नये. वकिलाची फी परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते.

देणाऱ्याची नोकरी गेली किंवा पगार घटला, तर त्यालाही रक्कम कमी करण्यासाठी अर्ज करता येतो; परस्पर पैसे थांबवल्यास मात्र थकबाकी चढत जाते आणि वसुलीचे वॉरंट निघू शकते. घेणाऱ्यानेही थकबाकी साचू देऊ नये, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खालील पोटगीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. दोघांच्याही सोयीसाठी रक्कम रोख न देता बँकेतूनच पाठवावी आणि शेऱ्यात त्या-त्या महिन्याचे नाव लिहावे.