वाफेच्या इंजिनापुढं बसायचं तर

माझे वडील परभणीजवळच्या पूर्णेच्या लोको शेडात फायरमन होते, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत फावड्यानं कोळसा टाकणारे. धुराच्या वासाचे कपडे दारामागं टांगलेले बघतच आम्ही वाढलो. आपल्याकडचं मीटर गेज, म्हणजे एक मीटर रुंदीचे रूळ, गेलं, इंजिनंही गेली. पण तेवढ्याच रुंदीच्या रुळांवर तमिळनाडूतल्या निलगिरीत वाफेचं इंजिन अजून प्रवासी घेऊन डोंगर चढतंय.

आधी तिकिटाचं बघा. वाफेचं इंजिन फक्त मेट्टुपालयम ते कुन्नूर; कुन्नूरपासून उटीपर्यंत डिझेल. पहिल्या खेपेला मी नेमकं उटी-कुन्नूरचं तिकीट काढलं आणि डिझेलचा भोंगा ऐकत बसलो. बायको म्हणाली, "ह्येच ऐकायला एवढ्या लांब आणलाव व्हय?" तेव्हा तिकिटावर सुरुवातीचं स्टेशन मेट्टुपालयमच पाहिजे. जागा मोजक्याच, आरक्षण उघडेल त्या दिवशीच काढा.

सिकंदराबादपर्यंत आपल्या गाड्या आहेतच. तिथून शबरी एक्सप्रेसनं कोइम्बतूर, मग मेट्टुपालयम. डोंगरगाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते, म्हणून आदल्या रात्री मेट्टुपालयमलाच मुक्काम करा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडं पाऊस. दरडी पडल्या की गाडी रद्द. एप्रिल-मेमध्ये उटीची गर्दी. जानेवारी-फेब्रुवारी बरा.

आता महत्त्वाचं. चढताना इंजिन पुढं नसतं, मागून ढकलतं. धापा जवळून ऐकायच्या तर शेवटचा डबा, दरी बघायची तर पहिला. कल्लार स्टेशननंतर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी लागते आणि इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकतं. चढ 12 फुटांना 1 फूट. इथं कान द्या, ठेका बदलतो. खालच्या सिलिंडरांनी वापरलेली वाफ वाया न जाता वरच्या सिलिंडरांत जाते आणि दातेरी चाक फिरवते. एकाच वाफेकडून दोनदा काम! वडिलांना हे फार आवडलं असतं. बरीच इंजिनं आता तेलावर चालतात, हे मात्र नसतं आवडलं. फावडं नाही तर फायरमन कसला, म्हणाले असते.

हिलग्रोव्ह स्टेशनला इंजिन पाणी पितं, तेवढ्यात उतरून बघून घ्या. खायचं मात्र डब्यातच ठेवा. माझ्या हातातला वडा माकडानं नेला, कागदासकट. प्रत्येक डब्यावर एक ब्रेकवाला उभा असतो. मोडक्या हिंदीत विचारलं तरी तो हाताचा ब्रेक दाखवतो.