बालवाडीतला वेशभूषेचा दिवस: या चुका टाळा

वेश ठरवताना पहिली चूक होते ती फोटो डोळ्यासमोर ठेवण्याची. साडेतीन वर्षांच्या पोराला नाडी सुटत नाही, शू अडते आणि रडारड सुरू होते. म्हणून आदल्या संध्याकाळी घरी वेश घालून मुलाला उकिडवं बसवा, दोन पायऱ्या चढायला लावा, हात वर करायला सांगा. यातलं एक जरी जमलं नाही तर वेश बदला. नाडीच्या जागी इलॅस्टिक, पिनेच्या जागी वेल्क्रो, नऊवारी शिवलेलीच. आत रोजचे सुती कपडे असू द्या, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाने वरचा वेश नुसता उतरवता येतो.

आपल्याकडे, बेळगाव भागात, शिवबा, कित्तूरची राणी चन्नम्मा, तिचा शूर शिलेदार संगोळ्ळी रायण्णा दरवर्षी असतातच, आणि असावेतही. चुकतं ते पाठ करून घेतलेलं भाषण. कित्तूरची इंग्रजांशी झालेली 1824 ची लढाई चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. कळतो तो घोडा. भाषणाऐवजी काठीचा घोडा द्या, अंगणात एक फेरी आणि एकच वाक्य: 'मी राणी चन्नम्मा.' तलवार पुठ्ठ्याची, टोक गोल कापलेली.

शिकणं सगळ्यात जास्त होतं ते भाजीवाला-गिऱ्हाईक खेळायच्या बाजाराच्या दिवशी, आणि बिघडतोही तोच. वीस मुलं असली की सगळ्यांना भाजीवाला व्हायचं असतं. एका वेळी तीनच विक्रेते ठेवा, बाकी पिशवी घेतलेली गिऱ्हाइकं; पाच मिनिटांनी घंटा वाजवून अदलाबदल. तराजू कपड्याच्या हँगरचा आणि दोन करवंट्यांचा: प्रत्येक करवंटीला तीन भोकं, सगळ्या दोऱ्या सारख्या लांबीच्या. रिकामा तराजू एका बाजूला झुकला तर दोष बहुधा करवंटीच्या वजनाचा असतो. हलकीच्या बुडाला मातीचा गोळा चिकटवत सरळ करा. भाजी खरीच घ्या, पाच बटाटे, पाच कांदे, पाच वांगी. गोकाकची लाकडी खेळण्यातली भाजी देखणी असते, पण वजनाचा फरक हाताला खऱ्या भाजीतच कळतो. नाणी म्हणून चिंचोके नकोत, ते नाकातोंडात जातात. पाच सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याच्या चकत्या करा.

इथे एक मोलाची गोष्ट हमखास हातची जाते. एक पोर 'कांदा' म्हणतं, दुसरं त्यालाच कन्नडमध्ये 'ईरुळ्ळी', आणि बाई लगेच दुरुस्त करतात. करू नका. 'एष्टु?' (कन्नडमध्ये 'किती?') विचारलं की 'पाच' म्हणणारं मूल दोन्ही भाषांत मोजायला लागलेलं असतं.

चेहऱ्यावर ऑइलपेंट किंवा डिंकाची दाढी कधीच नको. काजळाने मिशी काढा, तीही आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघून. गळ्यात दोरीची माळ घालून घसरगुंडीवर सोडू नका, दोरी अडकून गळ्याला फास बसतो. मुखवट्याने बाजूचं दिसत नाही, त्यामुळे कपाळपट्टी बरी.

खानापूरकडच्या पावसात जुलैत कागदी पिसं नि मुकुट शाळेच्या दारातच लगदा होतात. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या सुमारास शेतकरी दिवस घ्या, पण पोत्याची खोळ मानेला टोचते. आतून जुनं धोतर शिवा.

पालकांना चिठ्ठी आठ दिवस आधी, मराठी-कन्नड दोन्हीत: 'घरातलंच वापरा, भाड्याचं आणू नका.' नंबर काढू नका. आणि वेश घालायलाच नकार देणाऱ्या मुलाला ओढू नका. हातात फक्त पिशवी द्या, बाजार सुरू झाला की ते आपणहून कांदे घ्यायला उठतं.