‘आपलं बिंग फुटेल’ या भीतीशी दोन हात

बढती मिळते, वरिष्ठ कौतुक करतात, तरी आत कुठेतरी वाटत राहतं की हे सगळं चुकून पदरात पडलंय आणि एक ना एक दिवस आपलं बिंग फुटणार. यालाच आज इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये हा अनुभव मांडला, तेव्हा त्यांनी ‘सिंड्रोम’ (आजाराचा लक्षणसमूह) नव्हे, ‘फेनॉमेनन’ (अनुभवाला येणारी गोष्ट) हा शब्द वापरला होता. हा आजार नव्हे आणि मानसिक विकारांच्या प्रमाण सूचींमध्ये तो नाही. त्यांचा अभ्यास कर्तबगार स्त्रियांवर होता. पुढे पुरुषांमध्येही हाच अनुभव आढळला.

ही भीती यश मिळाल्यावरही का जात नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. नवं काम आलं की धास्ती बसते. मग कोणी गरजेच्या दुप्पट तयारी करतं, तर कोणी शेवटच्या दिवसापर्यंत टाळतं. काम पार पडतं. पहिला म्हणतो, ‘ढोरमेहनत केली म्हणून जमलं.’ दुसरा म्हणतो, ‘नशिबाने निभावलं.’ दोघांच्याही खात्यात यश जमाच होत नाही. म्हणून दहा कामं उत्तम झाली तरी अकराव्याची धास्ती तेवढीच असते. ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ या सल्ल्याने फरक पडत नाही तो यामुळेच. दुरुस्ती हिशेबात करावी लागते.

त्यासाठी एक वही ठेवा. आठवड्याच्या शेवटी दहा मिनिटं काढून एक-दोन कामांबद्दल चार गोष्टी लिहा: काय काम होतं, परिणाम काय झाला, त्यातले कोणते निर्णय तुमचे होते, आणि मदत किंवा नशिबाचा वाटा किती. चौथा रकाना गाळू नका. तो नसला की वही आत्मस्तुतीसारखी वाटते आणि मन ती खरी मानत नाही. बहुतेकांची चूक होते ती विशेषणांमुळे. ‘सादरीकरण छान झालं’ या वाक्यावर महिन्याने तुमचाच विश्वास बसणार नाही. त्याऐवजी लिहा: ‘सात प्रश्न आले, सहांची उत्तरं तिथेच दिली, सातव्याचं दुसऱ्या दिवशी पाठवलं.’ कोणी लेखी दाद दिली असेल तर तिचे शब्द जसेच्या तसे उतरवा. महिनाअखेरीस एकदम लिहायला बसलात तर फक्त चुका आठवतील.

पुढचं पाऊल अवघड आहे, पण खरा बदल इथेच होतो: तयारीला मर्यादा घाला. नेहमी सहा तास लागणाऱ्या कामाला या वेळी साडेचार द्या. सुरू करण्यापूर्वी ‘काय बिघडेल असं वाटतं’ हे लिहून ठेवा आणि काम झाल्यावर ताडून पाहा. एकदम अर्ध्यावर येऊ नका. खरोखर काही बिघडलं तर भीतीलाच पुरावा मिळतो. आणि ज्या कामातल्या चुकीने कोणाच्या जिवाला धोका होऊ शकतो, तिथे हा प्रयोग अजिबात करू नये. टाळाटाळ करणाऱ्यांनी मात्र उलटं करायचं: काम हाती आल्याच्या दिवशीच २५ मिनिटांचा कच्चा खर्डा करायचा आणि तो एका सहकाऱ्याला दाखवायचा.

कौतुक झालं की ‘छे, त्यात काय एवढं’ असं म्हणू नका. ‘धन्यवाद, त्या आकडेमोडीवर बराच वेळ घालवला होता,’ एवढं म्हणा आणि थांबा. ‘कसं वाटलं?’ असं विचारणंही सोडा. उत्तर ‘छान’ येतं, तासभर दिलासा मिळतो आणि पुन्हा शंका. त्याऐवजी ‘अहवालातला कोणता भाग तुमच्या उपयोगी पडला? कुठे दोनदा वाचावं लागलं?’ असं विचारा.

कधी कधी शंका खरीही असते, विशेषतः नव्या पदावर. पदासाठी लागणारी कौशल्यं लिहा आणि प्रत्येकापुढे मांडा: एकट्याने जमतं, मदतीने जमतं, येत नाही. ‘मला काहीच येत नाही’ याला उपाय नसतो. ‘करारातली दंडाची कलमं समजत नाहीत’ याला असतो. तिसऱ्या गटातल्या दोनच गोष्टी निवडा आणि त्यांना तारीख द्या.

शिवाय ही शंका आली कुठून, तेही तपासा. बैठकीत तुमचं बोलणं वारंवार तोडलं जात असेल, तुमच्या कामावर दुसऱ्याचं नाव लागत असेल, तर दोष तुमच्या मनात शोधणं चुकीचं आहे. अशा वेळी वहीत तारखा आणि प्रसंग नोंदवून वरिष्ठांशी बोला.

प्रगती मोजायची असेल तर क्लान्स यांचीच प्रश्नावली आहे: २० विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज २० ते १०० च्या दरम्यान. आज एकदा सोडवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. बेरीज जितकी जास्त, तितकी ही भावना तीव्र. ही भावना पूर्णपणे जात नसते. नवी जबाबदारी आली की थोडी वाढतेही, तेव्हा जुनी पानं वाचा. मात्र झोप उडाली असेल, उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल किंवा भीतीपोटी तुम्ही चांगल्या संधी नाकारू लागला असाल, तर वहीवर विसंबून न राहता समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि वही सोबत न्या.